चुन्याच्या रानातली वेचणी

चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मराठवाड्यातल्या येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीची पालखी डोंगरावरून उतरते आणि आमराईच्या वाटेवर चुन्याच्या रानात येते. तिथे लाखो माणसे वाकून मातीतले चुनखडीचे खडे वेचतात आणि त्यांचा ढीग घालतात. देवळाच्या कामासाठी ही वेचणी, असे परंपरा सांगते, आणि ते पटण्यासारखे आहे. सिमेंट येण्यापूर्वी चुनखडी भट्टीत भाजायची, घाण्यात मळायची, मगच भिंत उभी राहायची. गावच्या बांधकामातले हे पहिले, सर्वांत साधे काम यात्रेने जपून ठेवले आहे.

निसर्गापासून माणूस तुटला, ही हळहळ मात्र आपल्याकडे अशा कामातून नव्हे, प्रामुख्याने कवितेतून आली. इंग्रज कवी वर्डस्वर्थने १८०७ साली छापलेल्या एका सुनीतात ती आहे. मालगुंडला १८६६ मध्ये जन्मलेल्या केशवसुतांनी कोकणापासून दूर राहून नैर्ऋत्येकडल्या वाऱ्याला उद्देशून कविता लिहिली, तिच्यातही ती आहे. ही कविता खोटी नाही. दुरावा तिने फार नेमका टिपला. पण तिच्यातला माणूस बहुधा शेताच्या बांधावर उभा असतो, शेतात नसतो. म्हणून तुटलेले नाते जोडायचे तर पुन्हा पाहावे, पुन्हा हेलावून जावे, एवढाच उपाय तिला सुचतो. माझे म्हणणे असे की नाते तुटले ते डोळ्यांचे नव्हे, हातांचे. जात्यावरच्या ओव्या याला साक्ष आहेत. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. त्यांत पाऊस, बैल, शेत येतात ते भावाच्या, लेकीच्या, दळणाच्या संगतीने; ‘निसर्ग’ असा वेगळा विषय तिथे लागतच नाही. पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि ओवीचे रोजचे निमित्तच गेले.

यावर कोणी म्हणेल, हे तर कष्टांचे कौतुक झाले. आक्षेप रास्त आहे. पहाटे उठून दळणाऱ्या बाईला गिरणीने सुटका दिली; ते जाते परत मागण्याचा हक्क कुणालाही नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार: खडे वेचणारा भाविक जमिनीची काळजी घेतोच असे कुठे आहे? नाहीच. श्रद्धेने हात मातीला लागतो, एवढ्याने माती कळत नाही. तरीही त्या हातात काय येते ते पाहण्यासारखे आहे. पाऊस कमी आणि ऊन कडक असले की पाण्यात विरघळलेला चुना पुरता वाहून जात नाही. पाणी वाफ होऊन उडते आणि तो मातीतच गोठून खडा होतो. म्हणजे चुन्याच्या रानातला प्रत्येक खडा हा या मुलखाच्या कोरडेपणाचा दाखला आहे, आणि तो दरसाल लाखो हातांतून जातो. केवळ हळहळणाऱ्या कवितेला हा दाखला वाचता आला नसता. ज्यांच्या हाती तो होता त्यांनीही तो वाचला नाही, आणि खरी तूट मला इथे दिसते. याच कोरड्या हवेत मांजरा नदीच्या खोऱ्यात भरपूर पाणी मागणारा ऊस वाढत गेला, आणि एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले.