रामजी सुभेदार गप्प राहिले

बाबांना जाऊन आता वर्ष होईल. ताई दोनदा फोनवर म्हणाली, "तू लिहितोस ना एवढं, मग बाबांवर काहीतरी लिही की." तीन-चारदा बसलो. पण दर वेळी दोन ओळी झाल्या की मन दुसऱ्याच एका वडिलांपाशी जायचं. शेवटी म्हटलं, आधी त्यांच्याबद्दलच लिहावं. बाबा ओघात येतीलच.

हे दुसरे वडील म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, एवढीच बहुतेकांना त्यांची ओळख. माझीही परवापरवापर्यंत तेवढीच होती.

घराणं मंडणगडजवळच्या आंबडवे गावचं. रामजींचे वडीलही लष्करात होते. रामजी लष्करातच शिकले, लष्करी शाळेत मास्तर झाले, पुढे मुख्याध्यापक झाले. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला त्यांचं चौदावं अपत्य जन्माला आलं, ते भीमराव. चौदांपैकी बरीच मुलं लहानपणीच गेली. नोकरी संपल्यावर दापोली, मग सातारा. साताऱ्यात १८९६ साली भीमाबाईही गेल्या. पदरात पोरं, हातात पेन्शन आणि मिळेल ती नोकरी, असा सगळा संसार.

या संसाराला आधार होता तो कबीराचा. रामजी कबीरपंथी होते. रोज रात्री झोपण्याआधी घरात रामायण-महाभारताचं वाचन व्हायचं. वाचायचं भीमानं आणि त्याच्या थोरल्या भावानं, ऐकायला बहिणी आणि शेजारपाजारचे लोक. हा नेम कित्येक वर्षं चालला. गंमत म्हणजे कबीरपंथी मूर्ती मानत नाहीत, पण रामजी मुलांसाठी म्हणून गणपती बसवायचे. ही विसंगती बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि आपल्याला ते आवडत नसे असंही लिहिलं आहे.

आता १९०१ सालची गोष्ट. दुष्काळी कामावर खटाव तालुक्यात तलाव खोदला जात होता, तिथे रामजी खजिनदार होते. मुलं साताऱ्यात, आत्याजवळ. सुट्टीत मुलांनी आपल्याकडे यावं असं रामजींनी कळवलं. नवे कपडे, जरीच्या टोप्या, नवे बूट घालून चार पोरं आगगाडीने मसूर स्टेशनात उतरली. घ्यायला कोणीच नाही! पत्र नोकराच्या हाती पडलं होतं, आणि तो ते रामजींना द्यायलाच विसरला होता. पोरं महाराची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरकला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं, या अटीवर. जवळ डबा भरलेला होता, पण पिण्याचं पाणी मिळेना. रात्र टोलनाक्यावर काढून पोरं दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बापाजवळ पोहोचली.

हा प्रसंग बाबासाहेबांवरचा म्हणून आपण वाचतो. यंदा मी तो रामजींच्या बाजूने वाचला. लष्करात सुभेदार झालेला, मुलांना नवे कपडे करून देणारा बाप आपल्या पोरांना वाटेत घोटभर पाणी मिळेल याची खात्री देऊ शकत नव्हता. त्या दिवशी पोरांकडे बघून त्यांना काय वाटलं असेल?

पुढे कुटुंब मुंबईत परळला डबक चाळीत आलं. एक खोली, तीच स्वयंपाकाची आणि तीच निजायची. धनंजय कीरांच्या चरित्रात आहे की रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग भीमाला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून आणत.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली. ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ ला निघाला, त्यात ती नव्हती, पुढे प्रसिद्ध झाली. तीत लहानपणची एक हकीकत आहे. इंग्रजी चौथी पास झाल्याबद्दल वस्तीतल्या लोकांनी भीमाचा सत्कार करायचं ठरवलं. रामजींनी आधी नाही म्हटलं, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. मग त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर, म्हणजे दादा केळुसकर, मध्ये पडले तेव्हा कबूल झाले. केळुसकरांनी भीमाला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं.

ते वाचून मुलाने बापाला सरळ विचारलं, की तुम्ही आम्हाला बुद्धाचं काही न देता रामायण-महाभारतच का वाचायला लावता? रामजींनी उत्तर दिलं ते एका अस्पृश्य बापाचं उत्तर होतं. आपल्या मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये. द्रोण, कर्ण हे साधेच, पण केवढे मोठे झाले. वाल्मीकी तर कोळी, पण रामायण त्याचं. मुलाला यात तथ्य वाटलं, पण समाधान झालं नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण मला पटत नाहीत, म्हणाला. वालीच्या बाबतीत, सीतेच्या बाबतीत राम जसा वागला तेही पटत नाही, म्हणाला.

रामजी गप्प राहिले. मुलाच्या मनात बंड आहे हे त्यांनी ओळखलं, असं बाबासाहेब लिहितात.

मी इथेच अडकलो. लष्करी शिस्तीचा, रोज पाठ करणारा बाप. मुलगा त्याच्या श्रद्धेलाच हात घालतो, आणि बाप गप्प! तो चिडला नाही, की त्याने पुस्तक हिसकावलं नाही.

रामजी २ फेब्रुवारी १९१३ ला गेले. १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आला तो आईवडिलांच्या स्मृतीला, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्याबद्दल कृतज्ञता म्हणून अर्पण केलेला. १९५४ साली बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले: बुद्ध, कबीर आणि फुले. त्यातला कबीर घरातला, वडिलांचा. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ते वडिलांच्या धर्मातून बाहेर पडले. पण वडिलांपासून दूर गेले असं मला तरी म्हणवत नाही.

आता आमचे बाबा. ब्याण्णव वर्षं जगले, आणि दिवेलागणीला हरिपाठ चुकला असं कधी झालं नाही. एकोणीस वर्षांचा असताना एका संध्याकाळी मी म्हटलं, "मी उद्यापासून बसणार नाही. माझा यावर विश्वास नाही." बाबांनी टाळ खाली ठेवले, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा उचलले. एक शब्द बोलले नाहीत. माझी फी मात्र पुढची चार वर्षं वेळेवर भरत राहिले. त्यांना उत्तर सुचलं नाही असंच मी इतकी वर्षं समजत होतो. मनातून थोडा खूशही होतो.

बरोबरी करत नाहीये. भीमरावांच्या प्रश्नामागे मसूरचा रस्ता होता, माझ्या प्रश्नामागे कॉलेजातली चार पुस्तकं. पण बापाच्या गप्प राहण्याचा अर्थ मला त्या प्रस्तावनेत कळला, आणि तो विचारायला बाबा आता नाहीत.

असो. ताई, वर्षश्राद्धाला मी येतोय. हरिपाठालाही बसेन. विश्वासाचं विचारू नकोस, पण टाळ बाबांचेच दे.