तहकूब आणि माघार

सौम्य, सावध वागणुकीसाठीं इंग्रजींत शब्दांची वाण नाहीं. प्रूडन्स आहे, कॉशन आहे, टॅक्ट आहे. नाजूक प्रसंगीं जपून वागणाऱ्याला तो अंड्यांवरून चालतो असेंहि इंग्रज म्हणतो. मराठी माणूस तोंड पोळल्यावर ताकहि फुंकून पितो. डिस्क्रीशन या शब्दाची मात्र गंमत आहे. त्याला शौर्याच्या पंक्तीस बसविलें शेक्सपियरच्या फॉल्स्टाफनें, आणि तेंहि रणांगणावर मेल्याचें सोंग घेतल्यानंतर! तेव्हांपासून सावधपणाला भित्रेपणाचा वास येतो तो येतोच. तो दर वेळीं खरा असतो काय, याची कसोटी तेव्हांच्या कुलाबा आणि आतांच्या रायगड जिल्ह्यांतील महाड येथें १९२७ सालीं लागली.

चवदार तळें अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुलें असल्याचा ठराव महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ मध्यें केला होता. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी त्या तळ्याचें पाणी प्याले. त्याच दिवशीं त्यांच्या लोकांना मारहाण झाली. उलट हात उचलूं नका, असें डॉ. आंबेडकरांनीं त्यांना बजावलें. पुढें तळ्याचें शुद्धीकरण झालें आणि ऑगस्टांत म्युनिसिपालिटीनें आपला ठरावच रद्द केला.

म्हणून डिसेंबरांत सत्याग्रह योजिला गेला. तोंच कांहीं सनातनी मंडळींनीं दिवाणी कोर्टांत दावा लावून १४ तारखेस तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २५ तारखेस परिषद भरली; त्याच रात्रीं मनुस्मृतीचें दहन झालें. अशा जमावाला मवाळ कोण म्हणणार? जवळजवळ चार हजार लोकांनीं सत्याग्रहासाठीं नांवें दिलीं होतीं. कलेक्टरांनीं स्वतः येऊन, हुकूम मोडूं नका, असें सांगितलें. लोकांना तें रुचलें नाहीं. परंतु हुकूम मोडला असता तर सनातन्यांशीं चाललेला लढा सरकारशीं जुंपला असता, आणि नेमकें तेंच प्रतिपक्षाला हवें होतें. २७ तारखेस सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला, तो खुद्द डॉ. आंबेडकरांच्याच आग्रहानें.

तहकूब हा दफ्तरांतला रुक्ष शब्द. पण तो तेथें चपखल बसला. सभा तहकूब होते ती पुन्हा भरण्यासाठीं. माघार घेणारा पाठ फिरवितो. येथें तर लोकांनीं मिरवणूक काढून तळ्याला वेढा घातला आणि पाण्याला न शिवतां ते परतले. हजारो तहानलेल्यांनीं पाण्याच्या कांठावरून असें परतणें हें फॉल्स्टाफच्या डिस्क्रीशनमध्यें बसणारें नव्हे.

या सबुरीची किंमतहि भारी पडली. दावा महाडहून ठाण्यास आणि ठाण्याहून मुंबईस गेला. तळ्यावर फक्त स्पृश्यांचाच हक्क असल्याची अनादि वहिवाट शाबीत होत नाहीं, असें ठरवून हायकोर्टानें सनातन्यांचें अपील फेटाळलें तें १७ मार्च १९३७ रोजीं. तहकुबीच्या ठरावाला तेव्हां सव्वानऊ वर्षें होत आलीं होतीं.