मुखकर्करोगाच्या प्रसारातील विकरांची भूमिका

विकरे ही शरीरातील रासायनिक क्रियांना गती देणारी प्रथिने होत. मुखकर्करोगाच्या पेशी मूळ गाठीतून मानेतील लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचतात, त्यात काही विकरांचा महत्त्वाचा वाटा असतो.

कार्य
मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज या गटातील विकरे पेशींभोवतीचे कोलॅजेन तोडतात. या गटातील पहिले विकर १९६२ साली बेडकाच्या पिलाच्या झडणाऱ्या शेपटीत आढळले. निरोगी शरीरात ही विकरे जखम भरण्यास साहाय्य करतात. कर्करोगात मात्र त्यांच्यामुळे कर्कपेशींना वाट मोकळी होते.

विदर्भातील संदर्भ
वर्धा जिल्ह्यासह विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा खाल्ला जातो. सुपारीतील तांब्यामुळे लायसिल ऑक्सिडेज या विकराची क्रिया वाढते. कोलॅजेनचे धागे परस्परांत घट्ट जखडले जाऊन गाल ताठर होतात व तोंड उघडेनासे होते. या विकारास सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तो असलेल्या प्रत्येकास कर्करोग होत नाही, परंतु धोका वाढतो. जिल्ह्यातील कर्करुग्णांची नोंदणी सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना १९६९) केली जाते.

उपचार
मेटॅलोप्रोटिनेज रोखणाऱ्या मॅरिमास्टॅटसारख्या औषधांच्या चाचण्या अयशस्वी ठरल्या. अनेक रुग्णांना सांधेदुखी जडली. शिवाय ताठर झालेले गाल सहसा पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे खर्रा सोडणे आणि न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा अथवा मानेतील गाठ दिसताच तपासणी करून घेणे, हेच आजही सर्वांत परिणामकारक उपाय आहेत.