नाव आणि हाक

आमच्या घरी येत्या दोन महिन्यांत मूल जन्माला येणार आहे. नाव काय ठेवायचे, यावर रोज रात्री जेवताना चर्चा होते. आईची एक यादी, पत्नीची दुसरी. मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला यादीच्या आधी प्रश्न पडतो : आपल्या लेकराला हवे ते नाव देण्याचा अधिकार आपल्याला मिळाला केव्हा, आणि तो पुरता मिळाला आहे काय?

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे ऐकणाऱ्याला किळस यावी असे. शूद्राच्या नावाची जोडही दास्य दाखवणारी हवी. चातुर्वर्ण्याच्या बाहेर ज्यांना लोटले त्यांच्यासाठी तर नियम करण्याचीही गरज भासली नाही. मूल पाळण्यात असतानाच त्याची पायरी ठरवून टाकणारी ही व्यवस्था. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला या ग्रंथाचे दहन झाले तेव्हा हा नियमही त्या आगीत पडला, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

परंतु धोंडू, दगडू, कचरू, केरू, भिकू ही सारी नावे मनूनेच लादली असे म्हणणे सोपे असले तरी खरे नाही. मुले जगत नसत. नजर लागू नये, मृत्यूलाही मोह पडू नये, या भाबड्या समजुतीने अशी नावे अनेक जातींत ठेवली जात. महर्षी कर्व्यांचे नावही धोंडो केशवच होते. मग फरक कुठे होता? फरक हाकेत होता. ब्राह्मणआळीतला धोंडो मोठा झाला की धोंडोपंत होई, महारवाड्यातला म्हातारा झाला तरी धोंड्याच राही. एक गंगाबाई, तर दुसरी गंगी. बरोबरीचा मित्र धोंड्या म्हणतो तो लाडाने. तीच हाक वरून खाली आली की चाबूक होते. नाव आईबाप ठेवीत, हाक गाव मारी. आणि जात नावापेक्षा हाकेत अधिक पक्की बसलेली होती.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत काढलेल्या महाविद्यालयाला सिद्धार्थ हे नाव दिले. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली सुरू झालेले महाविद्यालय पुढे मिलिंद झाले आणि त्याचा परिसर नागसेनवन. ही नावे आपल्याकडे आधी कॉलेजच्या दारावर आली आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरोघरच्या पाळण्यात. गौतम, राहुल, आनंद, सुजाता, संघमित्रा. एका पिढीने आपल्या मुलांना अडीच हजार वर्षांचा पूर्वज मिळवून दिला.

माझे आजोबा दगडू. दीक्षेनंतर जन्मलेल्या मुलाचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, नाव त्यांनी सिद्धार्थ ठेवले. त्यांना स्वतःला ते जोडाक्षर कधीच नीट जमले नाही. ते ‘शिदार्थ’ म्हणत. गावाने त्याचे ‘शिद्या’ केले. वडील पन्नाशीला आले तरी वरच्या आळीतली पोरेसुद्धा त्यांना शिद्याच म्हणत. नाव बदलले होते, हाक बदलली नव्हती. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला. त्यानंतर घरे जळाली, माणसे मारली गेली, आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. साडेपंधरा वर्षे हा समाज एक नाव तोंडी घ्यायला तयार नव्हता.

आज आपल्यातले काही शिकलेले सांगतात, जात कळणार नाही असे नाव ठेवा. मी त्यांना हसत नाही. भाड्याने घर शोधताना माझे नाव ऐकून लावून घेतलेली दारे मीही पाहिली आहेत. पण नाव लपवून दार उघडले, तरी ते पुन्हा केव्हा लागायचे हे आतलाच माणूस ठरवणार.

आता मधले नाव. मुलाच्या नावापुढे बापाचे, मुलगी सासरी गेली की नवऱ्याचे. महाडला जाळलेला मनू आपल्याच घरात इथे शाबूत राहिला. दुसऱ्यांच्या रानात खुरपून आईने मला शिकवले. माझ्या नावात ती कुठेही नाही. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला, त्यानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे, वडिलांचे व शेवटी आडनाव असा क्रम आहे. जे काम आपल्या चळवळीने आधीच करायला हवे होते, ते शासनाच्या कागदाने केले. त्याची थोडी लाज वाटू द्यावी.

‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात राजा मिलिंद भिक्खूला नाव विचारतो. भिक्खू म्हणतो, नागसेन हा केवळ व्यवहाराचा शब्द आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजेही रथ नव्हे. नाव माणसांनीच ठरवलेले असेल, तर त्यातला अपमानही माणसांनीच ठरवलेला आहे, आणि तो मोडताही येतो.

आमच्या घरी आता ठरत आले आहे. मुलगा झाला तर प्रश्न विचारणारा मिलिंद. मुलगी झाली तर राजा प्रसेनजिताच्या प्रश्नांना उत्तरे देणारी थेरी खेमा. मधे आधी आईचे नाव. आणि वरच्या पायरीवरून कोणी ‘मिल्या’ किंवा ‘खेमी’ म्हणून हाक मारली तर ओ द्यायची नाही, हे बोलायला लागण्याच्या आधीच शिकवायचे.