नोटीस कोणाच्या दारावर?

पत्री पूल आठवतोय? कल्याणकरांना हे विचारायलाच नको म्हणा. १९१४ सालचा, इंग्रजांच्या काळातला हा पूल १८ नोव्हेंबर २०१८ ला, एका रविवारी, पाडला. त्यासाठी डोंबिवली-कल्याण दरम्यान सहा तास लोकल बंद होत्या. पण ब्लॉक किती वाजता सुरू, किती वाजता संपणार, कुठल्या गाड्या रद्द, हे सगळं आधीच पेपरात छापून आलं होतं. शिव्या घालायच्या त्यांनी घातल्या, पण लोकांना कळलं तरी होतं!

आता त्याच कल्याणात, किंवा डोंबिवलीत, किंवा ठाण्याला नौपाड्यात, आपल्या शेजारची चाळीस वर्षं जुनी बिल्डिंग पाडायला घेतात तेव्हा काय होतं? एक दिवस पत्रे लागतात, हिरवी जाळी चढते (चढली तर), आणि मग सकाळी पोकलेनची पहिली धडक बसते. तीच आपली नोटीस.

तर प्रश्न साधा आहे. पाडकाम होणार हे पालिकेने आजूबाजूच्यांना कळवायला हवं की नको? मला वाटायचं हा आपल्या नेहमीच्या ढिसाळ कारभाराचा भाग असेल. पण कायदा उघडून बसलो आणि गाडी थेट १८८८ सालात गेली.

१८८८ चा मुंबई महानगरपालिकेचा कायदा. त्यात कलम ३५४ धोकादायक इमारतींबद्दल आहे. ठाणे पालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, कल्याण-डोंबिवली १९८३ मध्ये. या दोघींना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो. त्यातलं कलम २६४ हे मुंबईच्या ३५४ चं जवळजवळ जुळं भावंड. काय म्हणतं ते? एखादी इमारत मोडकळीला आली असेल, आणि तिच्यात राहणाऱ्याला, तिथे येणाऱ्याजाणाऱ्याला, किंवा शेजारच्या इमारतीला तिचा धोका असेल, तर आयुक्तांनी लेखी नोटीस देऊन ती पाडायला किंवा दुरुस्त करायला सांगावं.

शेजारी दिसला ना त्या वाक्यात? धोका कोणाला, या यादीत तो आहे. आता नोटीस कोणाला, ते बघा. मालकाला किंवा भोगवटादाराला. बस्स! म्हणजे भिंत पडली तर ती शेजाऱ्यावर पडू शकते हे १८८८ मध्ये इंग्रजांना नीट माहीत होतं, पण भिंत पाडणार आहोत हे त्याला सांगावं असं त्या कलमात कुठेच नाही.

बरं, लोकांना कळवणं ही कल्पनाच त्यांना ठाऊक नव्हती असंही नाही. त्याच १८८८ च्या कायद्यात जाहीर नोटिशीची वेगळी तरतूद आहे. ज्या भागावर परिणाम होणार त्या भागात ठळक जागी नोटीस चिकटवा, वर्तमानपत्रात द्या, नाहीतर चक्क ढोल वाजवून सांगा. आपली दवंडी हो! मात्र एखादी इमारत पाडणं ही पालिका आणि मालक यांच्यातली खाजगी बाब मानली गेली, त्यामुळे ती दवंडीच्या खात्यात आलीच नाही.

पुढची शंभर वर्षं नोटिशीवरून जी भांडणं झाली, ती सगळी ज्याचं घर पडणार त्याच्या बाजूने. आणि ती व्हायलाच हवी होती. १९८१ मध्ये मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवायचं ठरलं. मुंबईच्या कायद्याचं कलम ३१४ आयुक्तांना हे विनानोटीस करायची मुभा देतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ते ओल्गा टेलिस खटला म्हणून प्रसिद्ध आहे. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने सांगितलं की विनानोटीस करता येतं याचा अर्थ तसंच केलं पाहिजे असा होत नाही, एरवी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. मग १३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने बुलडोझर प्रकरणात देशभरासाठी नियम घालून दिले. किमान १५ दिवसांची नोटीस, ती रजिस्टर पोस्टाने पाठवायची, शिवाय इमारतीवर चिकटवायची, नोटिशींचं पोर्टल काढायचं, पाडकामाचं चित्रीकरण करायचं. (रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग अशा जागांवरची अतिक्रमणं आणि कोर्टानेच पाडायला सांगितलेली बांधकामं यातून वगळली आहेत.) छान निकाल आहे. पण त्यातही शेजारी नाही.

ज्या देशातून आपल्याला हा कायद्याचा साचा मिळाला तिथे मात्र गोष्ट पुढे सरकली. इंग्लंड-वेल्सच्या १९८४ च्या बिल्डिंग अॅक्टप्रमाणे, इमारत पाडू इच्छिणाऱ्याने आधी कौन्सिलला कळवायचं, आणि त्या पत्राची प्रत लगतच्या इमारतींत राहणाऱ्यांना व गॅस-वीज कंपन्यांना द्यायची. इमारत अगदीच लहान असेल तर सूट. शिवाय शेजारच्या इमारतीला टेकू द्या, उघड्या पडलेल्या भिंतीला पावसापासून झाका, असंही कौन्सिल बजावू शकतं.

आपल्याकडे हा प्रश्न किती जिवावरचा आहे हे वेगळं सांगायला नको. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ माणसं गेली. २०१५ च्या जुलैअखेर ठाकुर्लीची मातृकृपा पडली आणि आठवड्याभरात नौपाड्यातली कृष्णा निवास. दर पावसाळ्याआधी दोन्ही पालिका धोकादायक इमारतींची यादी काढतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. पण आपल्या खिडकीसमोरची सी-१ नेमकी कोणत्या दिवशी पाडणार, ते त्या यादीवरून कळत नाही. आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने डोंबिवली परिसरातल्या ६५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या तेव्हा चर्चा झाली ती त्यांत घर घेऊन फसलेल्यांची. बरोबरच आहे. तरी ६५ इमारतींना खेटून किती इमारती उभ्या असतील, याचा विचार करून बघा.

यावर पालिकेकडून एक उत्तर हमखास येतं. आधी बोभाटा केला तर मालक कोर्टातून स्टे आणतो, जमाव जमतो, जेसीबी परत फिरवावा लागतो. मान्य. पण आता मालकाला १५ दिवस आधी कळणारच आहे. मग गुपित उरलं ते फक्त शेजाऱ्यापासून! शिवाय रीडेव्हलपमेंटमध्ये तर लपवण्यासारखं काहीच नसतं. तिथे सगळे सभासद सह्या करून बसलेले असतात. रात्री इमारत हलायला लागली तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी माणसं बाहेर काढायची.

आणि हा फक्त धूळ-आवाजाचा प्रश्न नाहीये. दमेकरी आजोबा आठवडाभर मुलीकडे जाऊ शकतात, रात्रपाळीवाला झोपेची सोय करू शकतो, हे तर आहेच. पण खरी गोम पुराव्यात आहे. पाडकामानंतर आपल्या भिंतीला तडा गेला तर बिल्डर म्हणणार, तो आधीपासूनच होता. आधीचा फोटो कोणाकडे असतो? तारीख माहीत असेल तरच सोसायटी आदल्या आठवड्यात भिंतींचे फोटो काढून ठेवणार ना! नोटीस न देणं म्हणजे शेजाऱ्याची केस उभी राहायच्या आधीच पाडणं.

आमच्या धंद्यात सर्व्हर रात्री दोनला दहा मिनिटं बंद ठेवायचा असेल तरी तीन दिवस आधी सगळ्यांना मेल जातो. ज्यांचा तो सर्व्हर आहे त्यांनाच नाही, तर जे जे त्यावर अवलंबून आहेत त्या सगळ्यांना. रेल्वेचा मेगाब्लॉकही याच हिशेबाने जाहीर होतो.

पालिकेला यासाठी नवं खातं नको की ॲप नको. पाडकामाच्या परवानगीत एकच अट घालावी. सात दिवस आधी लगतच्या प्रत्येक इमारतीच्या गेटवर मराठीत एक कागद लावायचा. त्यावर तारीख, कामाची वेळ, कोणती गल्ली बंद राहणार, जाळी आणि पाणी मारायची जबाबदारी कोणाची, आणि प्रभाग कार्यालयातला एक फोन नंबर. कागद लावल्याचा फोटो दिल्याशिवाय पोकलेन आत सोडायचा नाही.

धोका कोणाला हे कायद्याने १८८८ मध्येच लिहून ठेवलंय. त्याच यादीवर नोटीस पाठवायची, एवढंच काम उरलंय.