घाबरलेल्या जनावराचा रक्तदाब

धमनीतला रक्तदाब थेट मोजण्याचा पहिला गाजलेला प्रयोग माणसावर नव्हे, घोडीवर झाला. इंग्लंडमधले धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी तिला पाठीवर उताणे बांधले, मांडीच्या धमनीत पितळी नळी बसवली आणि त्या नळीला लांब काचनळी जोडली. रक्त 8 फूट 3 इंच चढले. 1733 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली ही उंची आजच्या हिशेबाने सुमारे 195 मिमी पाऱ्याइतकी भरते. शांत उभ्या घोड्याचा दाब याहून बराच कमी असतो. या शास्त्राची सुरुवातच अशी भेदरलेल्या, वेदनेतल्या जनावराच्या आकड्याने झाली, आणि कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात आजही तीच अडचण समोर उभी राहते.

मोजायचे तरी कशासाठी? म्हातारे मांजर एका सकाळी भिंतीवर आपटू लागते. तपासावे तर दृष्टिपटल सुटलेले. दाब वाढल्याची ती पहिली दिसणारी खूण असते, आणि तोवर उशीर झालेला असतो. डोळ्यांखेरीज मूत्रपिंड, हृदय आणि मेंदू यांनाही झळ बसते. माणसांत बहुतेकदा उच्च रक्तदाबाचे वेगळे कारण सापडत नाही. प्राण्यांत मात्र मागे बहुधा दुसरा आजार असतो. मांजरांत मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा, कुत्र्यांत मूत्रपिंडाचा किंवा कुशिंगचा.

माणसाच्या दंडावर स्टेथोस्कोप लावून ऐकू येणारे ध्वनी मांजराच्या बारीक पायावर हाती लागत नाहीत. म्हणून डॉप्लरने नाडीचा आवाज मोठा करून ऐकतात, किंवा ऑसिलोमेट्रिक यंत्र लावतात. दुसरे वापरायला सोपे, पण जनावर हलले की भरवसा संपला. मांजरांसाठी माझा कल डॉप्लरकडे आहे. त्यावर वरचा दाब तेवढा विश्वासाने मिळतो, आणि निर्णयाला बहुधा तोच लागतो.

खरी मेख कफात, म्हणजे पायाला किंवा शेपटीला गुंडाळायच्या पट्ट्यात आहे. त्याची रुंदी पायाच्या किंवा शेपटीच्या घेराच्या 30 ते 40 टक्के हवी. अरुंद कफ दाब फुगवून दाखवतो, रुंद कफ कमी. कफ हृदयाच्या पातळीत असावा. त्याआधी शांत खोलीत 5 ते 10 मिनिटे, शक्यतो मालकाच्या जवळ, जनावराला रुळू द्यावे. पहिला आकडा सोडून द्यावा आणि नंतरच्या 5 ते 7 एकसारख्या आकड्यांची सरासरी घ्यावी. ही दहा-पंधरा मिनिटे वाचवण्याच्या नादात कितीतरी निरोगी जनावरांना गोळ्या सुरू होतात.

वरचा दाब 140 च्या आत असेल तर चिंता नको. 160 पासून उच्च रक्तदाब, 180 पासून गंभीर, अशी अमेरिकी पशुवैद्यक तज्ज्ञांची 2018 ची विभागणी आहे. पण ग्रेहाउंडसारख्या शिकारी कुत्र्यांत दाब मुळातच 10 ते 20 ने जास्त असतो. आपला कारवान त्याच बांध्याचा. त्याच्या आकड्यावर शिक्का मारताना जपावे. डोळ्यांत किंवा इतर अवयवांत इजा दिसत नसेल तर एकाच भेटीतल्या 170 वर औषध सुरू करणे मला मान्य नाही. पुन्हा बोलवावे, पुन्हा मोजावे.

या विषयात नव्याने येणाऱ्या पशुवैद्यांना एकच विनंती: केसपेपरवर नुसता आकडा लिहू नका. कफचा आकार, कोणता पाय की शेपटी, जनावर बसलेले होते की पडलेले, शांत होते की थरथरत होते, हेही लिहा आणि पुढच्या खेपेला सारे तसेच ठेवून मोजा.