चाकांवरचे बिऱ्हाड

दसऱ्याच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटले जाते. छत्रपतींच्या घराण्यातील मंडळी जुन्या मेबॅक मोटारीतून येतात, शमीचे पूजन होते आणि क्षणार्धात सारा चौक पाने लुटण्यासाठी लोटतो. या सोहळ्याला आपण सीमोल्लंघन म्हणतो. आज तो शब्द विधीपुरता उरला असला, तरी त्याचा मूळ अर्थ अगदी व्यवहारातला होता. पावसाळ्यात नद्या दुथडी वाहत, वाटा चिखलात बुडून जात, तोफांचे गाडे रुतत. म्हणून फौजा चार महिने छावणी करून राहत आणि दसरा झाला की शीव ओलांडून मोहिमेवर निघत. लांबच्या प्रवासाचा मुहूर्त आपल्याकडे पंचांगाइतकाच पावसाने ठरवलेला आहे.

मोहिमा संपल्या, पण मुहूर्त तोच राहिला. दिवाळीचा फराळ ताटात असतानाच घराघरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. अलीकडे या बेतांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी आणि न्हाणीघर पोटात घेऊन धावणारी मोटार! तिला कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली या गाड्यांसाठी आणि त्यांच्या मुक्कामाच्या तळांसाठी स्वतंत्र धोरणही जाहीर केले. अशा गाडीत बिऱ्हाड भरावे आणि महाराष्ट्र आडवा ओलांडून ताडोबाचा वाघ पाहून यावे, हे स्वप्न आता कोल्हापूरच्या मध्यमवर्गीय घरांतही रंगू लागले आहे.

ही कल्पना परदेशातून आली, असे आपण समजतो. ते निम्मे खरे आहे. नुसत्या हौसेसाठी बांधलेले चाकांवरचे घर इंग्लंडात १८८५ साली ब्रिस्टल येथे तयार झाले. त्याचे मालक डॉ. गॉर्डन स्टेबल्स हे लेखक होते आणि गाडीचे नाव होते ‘वाँडरर’. ती घोडे ओढत. गाडी हाकायला एक माणूस असे आणि दुसरा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन वाट मोकळी आहे की नाही ते पाही. अमेरिकेत यलोस्टोनचे अरण्य १८७२ साली राष्ट्रीय उद्यान ठरले. १९०३ साली डॉ. होरेशिओ जॅक्सन यांनी एक सोबती आणि एक कुत्रा घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत मोटार नेली, त्यास ६३ दिवस लागले. १९१० साली बैठकीचा बिछाना होणारी मोटार तेथे विक्रीस आली आणि १९१५ साली यलोस्टोनचे दरवाजे मोटारींना खुले झाले. घर, मोटार आणि अरण्य यांची गाठ तेथे अशी पडली.

परंतु चाकांवर बिऱ्हाड मांडण्याची विद्या आपल्याला कोणी शिकवावी लागली नाही. मार्गशीर्षी पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची यात्रा भरते. कोल्हापूरचे भाविक पिढ्यान् पिढ्या तेथे जात आले आहेत. मोटारी येण्यापूर्वी हा प्रवास तट्ट्या बांधलेल्या बैलगाडीचा होता. त्याचा बेत कित्येक दिवस आधी सुरू होई. सुताराकडून चाके पाहून घ्यायची, लोहाराकडून धावा आवळून घ्यायच्या, वंगणाचे नळकांडे भरून गाडीखाली टांगायचे. मग भाकरीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, कांदे, दशम्या, तवा, कंदील, घोंगडी आणि सर्वांत जास्त जागा खाणाऱ्या कडब्याच्या पेंढ्या! बैल दिवसाकाठी सहा-सात कोस चालायचे. तेव्हा मुक्काम कोठे करायचा, हे माणसाच्या सोयीने ठरत नसे. विहीर कोठे आहे आणि बैलांना सावली कोठे मिळेल, यावर ते ठरे. तीन दगडांची चूल मांडली की घर मांडले गेले. आज हीच यात्रा एसटीच्या ठरवलेल्या गाड्यांतून होते आणि डोंगरावर थांबलेल्या गाडीसाठी महामंडळ जो ‘खोळंबा आकार’ लावते, त्यावरून दर वर्षी वाद होतो. तरी परड्या भरण्याच्या दिवशी त्या गाड्यांभोवती पेटलेल्या चुली पाहिल्या, तर जुनी गाडीवाट सुटलेली नाही, हे ध्यानात येते.

यात्रेच्या या बिऱ्हाडाशेजारी कोल्हापूरच्या इतिहासात आणखी एक फिरते बिऱ्हाड दिसते, ते शिकारीच्या मुक्कामाचे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला. त्यांना घोड्यांचा, हत्तींचा आणि शिकारीचा मोठा शौक होता. खडखड वाजत धावणाऱ्या त्यांच्या ‘खडखड्या’च्या आठवणी कोल्हापुरात अजून निघतात. माळरानावर काळविटांच्या शिकारीसाठी दरबार शिकवलेले चित्ते बाळगी. डोळ्यांवर झापड बांधून चित्ता गाडीतून नेत आणि कळप दिसला की झापड काढून सोडून देत. हिंदुस्थानातले चित्ते विरळ झाले तेव्हा कोल्हापूरच्या दरबाराने आफ्रिकेतून चित्ते आणवले. सह्याद्रीच्या माथ्यावरचे दाजीपूरचे रान हे तर दरबारचे राखीव शिकारीचे रान, गव्यांच्या कळपांसाठी नावाजलेले. तेथे मुक्काम पडायचा म्हणजे डेरे, राहुट्या, कनाती, मुदपाकखाना, पागा, हत्ती, हाकारे असा सारा संसार घाट चढून जायचा.

इतिहासाची पुस्तके अशा मुक्कामांचे वर्णन रसाळपणे करतात. डेऱ्यांची संख्या सांगतात, शिकारीची संख्या सांगतात. पण हे बिऱ्हाड उचलले कोणी? दख्खनमध्ये, संस्थानांत असो की इंग्रजी मुलखात, त्याचे उत्तर एका शब्दात मिळते: वेठ. अंमलदाराचा किंवा साहेबाचा मुक्काम गावाबाहेर पडणार अशी वर्दी आली की गाड्या धरल्या जात, वैरण आणि जळण मागवले जाई, दूध, अंडी, कोंबड्या पोचत्या कराव्या लागत. ओझी वाहण्याचे आणि रात्री-अपरात्री निरोप घेऊन धावण्याचे काम वतनदार महारांवर पडे. त्यास नकार नव्हता आणि बहुधा दामही नव्हते. पेरणीच्या ऐन दिवसांत बैल वेठीला गेले, तर त्या शेतकऱ्याचे वर्ष बुडे. मुक्काम ज्याला मौजेचा, त्याच्याकडे त्याची खतावणी नसे. ती गावाच्या पोटावर लिहिलेली असे.

शाहू महाराजांचे मोठेपण येथे दिसते. सर्वांत मोठा लवाजमा ज्याच्या पदरी होता, त्यानेच हे ओझे पाहिले. १९१८ साली त्यांनी महार वतने खालसा करून त्या जमिनी रयतावा केल्या. वतनाच्या नावाखाली होणारी राबणूक त्यामुळे मुळातच उखडली गेली. १९२० साली त्यांनी वेठबिगार बंद केली. ज्या फासेपारध्यांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे, त्यांची हजेरी काढून त्यांना कामे दिली. शिकारी राजाच्या दप्तरातले हे हुकूम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. प्रवासाचा बेत करताना बरोबर काय न्यायचे, याची यादी माणूस नेहमीच करत आला. वाटेवरच्यांकडून काय घ्यायचे आणि कशाच्या बदल्यात, हा प्रश्न त्या हुकमांनी यादीत आणला.

पुढे काळ बदलला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. हिंदुस्थानातला चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. पोटासाठी आणि शौकासाठी झालेली शिकार, मोडलेली माळराने, पाळण्यासाठी पकडलेली पिले या सर्वांचा तो शेवट होता. वाघही सह्याद्रीतून जवळजवळ दिसेनासे झाले. मग राखणीचे दिवस आले. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले. १९५८ साली दाजीपूरचे शिकारीचे रान गव्यांचे अभयारण्य ठरले आणि १९८५ साली ते वाढून राधानगरी अभयारण्य झाले. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचे पाणी याच डोंगरांतून येते. कोल्हापूरचा ऊस त्यावर उभा आहे, हे ऊस खाताना आपल्याला आठवत नाही एवढेच. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि रत्नागिरी यांच्या शिवा जेथे मिळतात, ते चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. २०१० साली चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला.

राखणीलाही किंमत पडते आणि तीही सर्वांना सारखी पडत नाही. वारणेचे धरण आणि अभयारण्य या दोन्ही कारणांनी चांदोलीतली गावे उठली. ती माणसे जमिनीसाठी वर्षानुवर्षे सरकारी कचेऱ्यांपुढे ठिय्या देऊन बसली. ताडोबातून बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावे बाहेर गेली. ताडोबाच्या तळ्याकाठी तारू या गोंड पुरुषाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना तो पडला, अशी श्रद्धा आहे आणि पौषात तेथे यात्रा भरते. उद्यान होण्याच्या कितीतरी आधीपासून भाविक तेथे मुक्कामाला येत होते. आपण ज्या अरण्यात पाहुणे म्हणून जातो, ते कोणाचे तरी देवघर होते आणि कोणाचे तरी घर.

आता या माहितीनिशी कोल्हापूर ते ताडोबा हा बेत मांडून पाहू. अंतर साडेआठशे किलोमीटरांच्या आतबाहेर. बैलगाडीच्या चालीने दीड महिन्याच्या घरात गेले असते, मोटारीने दोन-तीन दिवसांचे काम. सांगलीवरून मंगळवेढा, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा अशी वाट. कृष्णा, भीमा, गोदावरी, पैनगंगा, वर्धा या नद्या एकामागून एक ओलांडायच्या. हिरव्या उसातून निघून ज्वारीच्या काळ्या रानात आणि तेथून वऱ्हाडच्या पांढऱ्या कापसात शिरायचे. महाराष्ट्राचा हा आडवा छेद मुलांना भूगोलाच्या पुस्तकापेक्षा अधिक शिकवील. तुळजापुरी भवानीचे दर्शन घ्यावे, नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीला बसावे, वर्ध्याजवळ सेवाग्राम पाहावे.

काळवेळ आधी पाहावी. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर अरण्याचा गाभा बंद असतो, मंगळवारी सुटी असते आणि प्रवेशाची नोंदणी आगाऊ करावी लागते. चाकांवरचे बिऱ्हाड आत जात नाही. ते दारापाशी ठेवून नोंदलेल्या जिप्सीत वाटाड्यासह बसायचे. हे गैरसोयीचे वाटते, पण त्यात न्याय आहे. त्या जिप्सीचा चालक आणि तो वाटाड्या बहुधा शेजारच्याच गावचे असतात. अरण्य राखल्याबद्दल त्यांच्या घरी थोडा तरी पैसा जातो.

खरा प्रश्न दाराबाहेर उभ्या राहिलेल्या गाडीचा आहे. तिच्या टाकीत शेदीडशे लिटर पाणी भरायचे, ते उन्हाळ्यात कोणाच्या विहिरीतून? खरकटे आणि प्लास्टिक कोठे टाकायचे? मैलापाण्याची टाकी कोठे रिकामी करायची? गावाच्या ओढ्यात सोडून पुढे निघालो, तर आपण त्या गावाला वेठीलाच धरले. पूर्वी निदान चावडीवर वर्दी येई, आता तीही नाही. सेवाग्रामचा मुक्काम या बाबतीत उपयोगी आहे. १९३६ साली गांधीजी तेथे राहायला गेले, तेव्हा आपली घाण आपण साफ करणे हा आश्रमातला पहिल्या धड्यांपैकी एक होता. मुलांना वाघ दाखवण्याआधी त्यांच्या हाती झाडू देऊन मुक्कामाची जागा साफ करवून घेणे, हे बेताच्या वहीत लिहून ठेवावे. बरोबर न्यायच्या वस्तूंसमोर आणखी दोन रकाने आखावेत: वाटेत काय घेतले आणि त्याचे काय दिले.

एवढे करून वाघ दिसेलच असे नाही. पण वाघांनीही आता प्रवास सुरू केला आहे. राधानगरीच्या रानात वावरलेला एक वाघ २०२३ च्या डिसेंबरात सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. तो डोंगररांगेच्या आधाराने पायी गेला होता. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाची एक वाघीण गाडीतून महाराष्ट्र ओलांडून चांदोलीत आणण्यात आली. आपण ज्या प्रवासाचा बेत आखतो, तोच तिने उलट्या दिशेने केला. शतकभरापूर्वी याच मुलखात जनावर गाडीतून नेले जाई ते शिकारीसाठी. आता ते नेले गेले, रान पुन्हा नांदते व्हावे म्हणून.

तेव्हा ताडोबाचा बेत करणाऱ्यांनी चांदोलीची वाटही वहीत टिपून ठेवावी. शाहूवाडीच्या डोंगरापर्यंत जायला बिऱ्हाड भरावे लागत नाही. सकाळी भाकरी बांधून निघाले तर रात्री घरी येता येते.